आज हिने हे केलं नाही

१ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! दोन बस बदलल्या, एक बॅग पहिल्या बसमध्येच विसरले, ती धावत जाऊन परत आणली आणि घामाघूम होऊन फाटकाशी पोचले. पहारेकरीण हसून म्हणाली की मोठ्या बाई सकाळपासून तीनदा विचारून गेल्या. मोठ्या बाई म्हणजे इथल्या अधीक्षक. साठीच्या असतील, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्यांनी माझी बॅग स्वतः उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलींचं सुधारगृह म्हटल्यावर ताईने माझ्या डोक्यात काय काय भरवलं होतं! ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तिचा जन्मच मला घाबरवण्यासाठी झालाय. शिव्या देतील, केस उपटतील, डोक्यात तांब्या घालतील. प्रत्यक्षात इथे एवढी शांतता की माझ्याच चपलांच्या आवाजाने मी ओशाळले. बत्तीस मुली, बारा ते सतरा वर्षांच्या, आणि व्हरांड्यात टाचणी पडली तरी ऐकू यावी. बालवाडीत एकोणीस वर्षं काढली मी. तिथे टाचणी सोडा, कपाट पडलं असतं तरी कळलं नसतं.

माझं काम असं: मुलींना चांगलं वागताना पकडायचं. वाईट वागताना सगळेच पकडतात, त्यात काय मोठंसं? प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलंय की मुलीने काय केलं ते कौतुकात सांगा, काय केलं नाही ते सांगू नका. "मारामारी केली नाही" हे कौतुक नव्हे, "भांडण बोलून मिटवलं" हे कौतुक. मला हे फार पटलं. इथे रोज चार वाजता घंटा होते, सगळ्या मधल्या हॉलमध्ये जमतात, मोठ्या बाई त्या दिवशीच्या कौतुकाच्या चिठ्ठ्या वाचतात, टाळ्या होतात आणि चिठ्ठ्या मोठ्या फळ्यावर लावल्या जातात. फळा भिंतभर आहे आणि पिवळ्या चिठ्ठ्यांनी गच्च भरलाय.

आई म्हणायची, या पोरीच्या तोंडाला झाकण करायला देव विसरला. इथे गप्पा मारायला कोणी दिसत नाही, म्हणून ही वही. एक नियम मात्र पाळायचा आहे: मुलींची खरी नावं इथून बाहेर जायची नाहीत, स्वतःच्या वहीतसुद्धा लिहायची नाहीत. बरोबरच आहे, पोरींना उद्या बाहेर जगायचंय. मी टोपणनावं लिहीन.

२ तारीख, मंगळवार

चिठ्ठ्यांचं पाहून डोक्याला हात लावला. छापील आहेत. वर छापलंय, "आज हिने हे केलं नाही". मध्ये मोकळी ओळ आणि खाली "शाब्बास!" म्हणजे प्रशिक्षणात जे करू नका म्हणून कंठशोष केला, नेमकं तेच. भांडारवाल्या काकूंना म्हटलं, नवीन छापून घेऊ. त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन खोकी दाखवली. छताला टेकलेली, तीन रांगा. म्हणाल्या, जुनी संपल्याशिवाय नवीन मिळत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे माझी नात नोकरीला लागेल तेव्हा मिळतील. मला मूलबाळ नाही हे त्यांना माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या, हो, साधारण तेव्हाच.

जाऊ दे. तोवर याच वापरायच्या. कागदात काय ठेवलंय, टाळ्या महत्त्वाच्या.

बत्तिसातली एक मात्र बोलते. आणि काय बोलते! चौदा वर्षांची, काडीसारखी, दोनच महिन्यांपूर्वी आलेली. मी तिचं नाव टकळी ठेवलं. स्वतःची ओळख करून देताना मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर थुंकली माझ्या साडीवर, आणि वर विचारते, आता काय करशील? मी पदर झटकला आणि सांगितलं की बालवाडीत याहून वाईट गोष्टी अंगावर झाल्यात. तिला हसू फुटलं. टकळीला टकळी भेटली, दुसरं काय.

३ तारीख, बुधवार

आज चार वाजता माझीच चिठ्ठी! कर्मचाऱ्यांचा छोटा फळा ऑफिसच्या दाराशी आहे. मोठ्या बाईंनी वाचलं, आज हिने हे केलं नाही: चिडणं. मुलीने अंगावर थुंकूनही. बत्तीस मुलींनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगू? मला रडू आलं. एकोणीस वर्षं लोकांची पोरं धुतली, पुसली, जोजवली, कोणी एकदा शाब्बास म्हणालं नाही. आणि मी मुलखाची तापट. ताईला कळलं तर ती विश्वास ठेवायची नाही.

७ तारीख, रविवार

रविवारी भेटीचा दिवस. भेटायला येणाऱ्याने फाटकावर मुलीचं पूर्ण नाव सांगायचं, यादीत पाहून आत सोडतात. कर्मचाऱ्यांच्या भेटीला कोणी यायचं नाही.

टकळीची मावशी आली होती. तिच्या आईमागे तिनेच हिला वाढवलं. शिवणकाम करते, बोटं सुईने भोसकलेली. तिला एक दुकानदार काहीबाही बोलला म्हणून या पोरीने दगडाने त्याच्या दुकानाच्या सगळ्या काचा फोडल्या. हाच तिचा गुन्हा. मला ऐकून मनातून बरं वाटलं, हे वहीपुरतं.

सव्वीस तारखेला सुनावणी आहे. मावशी कायद्याने पालक नाही, त्यामुळे न्यायाधीश बाई मुलीलाच विचारणार. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मला मावशीकडे जायचंय, तर त्याच दिवशी घरी. नाही सांगितलं तर अठरा पूर्ण होईपर्यंत इथेच. मी मावशीला हसत म्हटलं, हिला बोलायला सांगायला लागणार आहे होय?

भेट संपली तशी टकळीने मावशीच्या कमरेला मिठी घातली. घरी ने, आत्ताच्या आत्ता घरी ने. पहारेकरणीने आणि मी ओढून सोडवली. मावशी फाटकाबाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली. मी आत आल्यावर टकळीला समजावलं की मावशीला त्रास होतो ना, पुढच्या वेळी शहाण्यासारखी वाग.

९ तारीख, मंगळवार

दर मंगळवारी लॉन्ड्रीवाला चादरी न्यायला येतो. गाठोडी मोजायला मागच्या खोलीत गेले तर लोखंडी दारापाशी एक मुलगी उभी. हिची वेणी गुडघ्यापर्यंत, म्हणून लांब वेणी. माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. मग मी खाली पाहिलं तर तिचं बोट दाराच्या फटीत चिमटलेलं होतं. दार ओढून सोडवलं. नख काळंनिळं, सालपट लोंबतंय. किती वेळ उभी होतीस म्हणून विचारलं, तर नाश्त्याची घंटा झाल्यापासून. म्हणजे पंचवीस मिनिटं.

ओरडली का नाहीस, विचारलं. तिला प्रश्न कळला नाही. खरंच कळला नाही. नर्सबाई म्हणाल्या, फार सोशिक मुलगी आहे. मोठ्या बाईंनी फळ्यावरची तिची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवली. आज हिने हे केलं नाही: आरडाओरडा.

मला जेवण गेलं नाही.

१२ तारीख, शुक्रवार

आतापर्यंत मला चार चिठ्ठ्या मिळाल्यात. पहिली चिडण्याची. मग नियम मोडणं, कारण सगळी कुलपं वेळेवर लावली. मग बाहेर जाणं, कारण सुट्टीच्या दिवशीही मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. काल बैठकीत घसा बसला होता म्हणून बोलले नाही, तर मध्ये बोलणं. तेवढ्याच टाळ्या.

ताईचा फोन आला. नेहमीसारखी टोचून बोलली. नवरा गेल्यावर तू घर विकलंस, आता सुधारगृहात राहा. एरवी मी फोन आपटला असता, मग तासाभराने परत केला असता. आज नुसती ऐकत राहिले. ती म्हणाली, बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे. राग जिथे असतो तिथे हात घालून पाहिला तर काही लागलं नाही. शेवटी तिनेच फोन ठेवला.

वय झालं असेल माझं.

१४ तारीख, रविवार

टकळी आज कशी वागली! मावशी निघाली तेव्हा हिने ओठ चावला, मुठी आवळल्या, पण मागितलं नाही. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघ, ऐकलं तुझं. माझी छाती फुगली. मीच चिठ्ठी लिहिली. आज हिने हे केलं नाही: घरी जायला मागणं. चार वाजता वाचली. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सुनावणीला बारा दिवस. पोर सुटणार.

१५ तारीख, सोमवार

दिवसभर फोनला हात लावला नाही याची चिठ्ठी. त्यानंतर ताईचे सात फोन आले. फोन टेबलावर वाजत होता. मी पाहत होते.

१८ तारीख, गुरुवार

नीट लिहायला हवं.

दुपारी मधल्या हॉलमध्ये मुली शिवणाला बसल्या होत्या. उकडत होतं, म्हणून काकूंनी पंखा मोठा केला. फळ्यावरून एक चिठ्ठी सुटली, गिरक्या घेत खाली आली. आणि लांब वेणी ओरडली.

असं ओरडणं मी ऐकलेलं नाही. बोट धरून ओरडत होती. नऊ दिवसांपूर्वी चिमटलेलं तेच बोट. नख आता गळून नवीन येतंय. ती पंचवीस मिनिटांचं ओरडणं एकदम ओरडत होती. मध्येच आई, आई. बाकीच्या मुलींनी सुया खाली ठेवल्या नाहीत. एकीनेही वळून पाहिलं नाही. फक्त टकळी कानांवर हात ठेवून उभी राहिली.

मोठ्या बाई शांतपणे आल्या. चिठ्ठी उचलली, फुंकर मारली, टाचणीने परत लावली.

ओरडणं अर्ध्यात थांबलं. नळ बंद करावा तसं. तोंड तसंच उघडं होतं. मग तिने ते मिटलं आणि सुई हातात घेतली.

मला भीती वाटायला हवी होती. हात मात्र गार पडले.

१९ तारीख, शुक्रवार

सकाळी टकळीला अंगणात नेलं. विचारलं, न्यायाधीश बाईंना काय सांगशील? सगळं सांगितलं पोरीने. मावशीचं मशीन, खिडकीशी टाकलेली खाट, काचा का फोडल्या ते. मग म्हणाली, मला. आणि थांबली. मग कावळ्याबद्दल बोलायला लागली.

परत विचारलं. परत तेच. पाचव्यांदा तिचे डोळे भरले. तिलाही कळलंय. तोंड त्या शब्दापाशी जातं आणि वळतं. तिने माझा हात धरला, घट्ट.

मी केलं हे. माझ्या अक्षरात.

फळ्यापाशी गेले. चिठ्ठी दुसऱ्या रांगेत, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. काढायची, फाडायची, संपलं. हात खांद्यापर्यंत आला. पुढे जाईना. दुखत नव्हतं, कोणी धरलं नव्हतं. नुसता जाईना. फळ्याच्या खाली पाटी आहे, चिठ्ठ्यांना मोठ्या बाईंशिवाय कोणी हात लावू नये. नियम. नियम मोडणं माझ्या चिठ्ठीवर आहे.

वीस मिनिटं तिथे उभी होते. मुली माझ्या बाजूने जेवायला गेल्या.

२१ तारीख, रविवार

मावशी आली. नवीन चादर शिवलीय म्हणाली, खाटेवर घातली, सव्वीसच्या संध्याकाळसाठी. टकळी चादरीचा रंग, काठ, टाके, सगळं विचारत राहिली. मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की पोरगी आता घरी ने म्हणत नाही, रागावली का माझ्यावर?

मी काय सांगणार होते? तुम्ही फळ्यावरची चिठ्ठी फाडा, म्हणून सांगायला हवं होतं. भेटीला आलेल्यांशी मुलींच्या वर्तनाबद्दल बोलू नये, हाही नियम आहे. मी तोंड उघडलं. म्हटलं, नाही हो, तुमच्यावर जीव आहे तिचा.

२३ तारीख, मंगळवार

मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. लांब वेणी, माझा हात, टकळी. एखादीने दुकानात जाऊन अर्धा किलो मीठ मागावं, तशा आवाजात सांगितलं. टेबलावर मूठ आपटायला हवी होती. मूठ वळली नाही.

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. म्हणाल्या, दिलेलं कौतुक परत घेतलं तर मुलीच्या मनावर काय परिणाम होईल? फार प्रेमाने म्हणाल्या. त्यांच्या खुर्चीमागे त्यांचा स्वतःचा फळा आहे, चिठ्ठ्या पिवळ्याच्या तपकिरी झालेल्या. वाचल्या. थकणं. रडणं. घरी जाणं. सगळ्यांत वरची, एकतीस वर्षांपूर्वीची, शंका घेणं.

त्या वाईट नाहीत. त्यांना शंका येतच नाही.

मी चहा प्यायले.

२४ तारीख, बुधवार

सुचलं! सबंध महिन्यात पहिल्यांदा हात गरम झालेत.

चिठ्ठीवर जे लिहू ते तिच्या हातून पुन्हा होत नाही. मग लिहावं, गप्प राहणं! जी कधी गप्प राहूच शकत नाही ती न्यायाधीशांसमोर बोलणारच. बोलता बोलता बाहेर पडेल. पडायलाच हवं. आज टकळी सकाळपासून अखंड बोलत होती, म्हणजे चिठ्ठी खरीही आहे.

मोठ्या बाई वाचताना क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, वेगळी आहे. मग हसल्या आणि लावली. टाळ्या.

दोन दिवस उरलेत. पोरी, बोल गं बाई, बोल.

२५ तारीख, गुरुवार

थांबत नाही. जेवतानाही नाही. घास तोंडात, बोलणं चालू. झोपलीच नाही, शेजारच्या मुलीने सांगितलं. आवाज बसलाय. मी पाणी दिलं तर पाण्यातून बोलत राहिली, ठसका लागला, ठसक्यातून बोलत राहिली. नजर माझ्यावर. नजर म्हणतेय की थांबव.

उद्यापर्यंत, टकळे. उद्यापर्यंत.

२६ तारीख, शुक्रवार

सुनावणीची खोली इथेच, ऑफिसच्या शेजारी. न्यायाधीश बाई महिन्यातून एकदा येतात. मावशी समोर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत टकळीचा घरचा फ्रॉक.

चाळीस मिनिटं बोलली. मशीनचं पायडल. निळा दोरा. काचा पडल्या तेव्हाचा आवाज. भिंतीवरची पाल. न्यायाधीश बाईंनी तीनदा विचारलं, बाळ, तुला मावशीकडे जायचंय का? प्रत्येक वेळी मावशी खुर्चीच्या टोकावर यायची. पोरगी बोलत बोलत घरापर्यंत पोचली, कडी सांगितली, उंबऱ्याची चीर सांगितली, खाट सांगितली, खाटेवरची नवी चादर सांगितली. मग न्यायाधीश बाईंच्या चपला. मग पंखा. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंड चमच्यांबद्दल सांगत होतं.

मी उभी राहिले. सगळं तोंडाशी आलं होतं. मध्ये बोलणं. माझीच चिठ्ठी. मी बसले.

निकाल लिहिला. मुलीने घरी जाण्याची इच्छा व्यक्त केली नाही. मन अस्थिर. अठरा पूर्ण होईपर्यंत इथेच.

मावशी ओरडली नाही. पिशवीवर हात फिरवत राहिली. जाताना माझ्याकडे पाहिलं. मावशीला कोणी चिठ्ठी दिलेली नाही, तिच्या नजरेत सगळं होतं.

२७ तारीख, शनिवार

बोलतेय. आवाज नाही, खरखर. पेल्यात थुंकता येत नाही, थुंकण्याची चिठ्ठी तिला मागेच मिळालीय, म्हणून गिळते. ओठाच्या कोपऱ्याला लाल दिसतं.

तीन दिवस झोप नाही. नर्सबाई म्हणतात, अशीच राहिली तर —

२८ तारीख, रविवार

मी लिहिली. दुसरी कोण लिहिणार? खोकल्याची उबळ आली तेव्हा घटकाभर शब्द नव्हते, तेवढं मी पाहिलं, म्हणजे खरंच होतं. आज हिने हे केलं नाही: बोलणं.

चारला लावली.

वाटलं होतं, झोपेल.

आता आवाज नाही. पण गप्पही नाही. गप्प राहण्याची चिठ्ठी तशीच आहे ना. ओठ हलतात. सारखे. भिंतीकडे तोंड करून बसलीय, ओठ हलतायत, बाहेर काहीच येत नाही. मी समोर बसून वाचायचा प्रयत्न केला. मशीन. खाट. चादर.

मुलींनी जागा करून दिली आणि त्या शिवत राहिल्या.

मला काही वाटलं नाही. ते लिहून ठेवते.

३० तारीख, मंगळवार

पावणेचार.

काल लिहिलं नाही. मनातच आलं नाही. मोठ्या बाईंच्या ते लक्षात आलं. आत्ता टेबलावर पाहिली. माझ्या नावाची. आज हिने हे केलं नाही: वहीत लिहिणं. काल मी गेल्यावर लिहिलीय. चारला लावतील.

पंधरा मिनिटं.

ताई. ही वही चादरींच्या गाठोड्यात टाकतेय. गाठोड्यात वही टाकू नये असा नियम नाही. सगळे वाचून काढले. पुठ्ठ्यावर तुझा पत्ता आहे, लॉन्ड्रीवाला भला माणूस आहे, पाठवेल.

ताई, तुला कोणी चिठ्ठी दिलेली नाही. तुझा हात वर जाईल. रविवारी भेटीला ये. मधला हॉल, भिंतभर फळा. सगळ्या फाड. एक एक वाचत बसू नकोस, ओढून काढ, दोन्ही हातांनी. खूप आवाज होईल. बत्तीस मुलींचा, कित्येक वर्षांचा. घाबरू नकोस. आणि नंतर ऑफिसच्या दारापाशी छोटा फळा आहे, माझा. जमलं तर.

माझ्यावर चीड गं. माझ्या वाटचंही चीड.

फाटकावर नाव विचारतील. मुलीचं पूर्ण नाव. त्याशिवाय सोडत नाहीत. माझं सांगून चालणार नाही. टकळी नाही, टकळी मी ठेवलेलं. खरं नाव —

खरं —

हात थांबतो. नियम आहे. नाव बाहेर जायचं नाही. तीनदा पाहिलं. पेन कागदावर टेकतं आणि —

पाच मिनिटं.

मुली हॉलकडे निघाल्या. ती पण. ओठ हलतायत. दारातून माझ्याकडे पाहिलं.

थांब. मावशी! मावशीला नाव माहीत आहे. मावशीबद्दल लिहू नये असा नियम नाही. ताई, मावशीला गाठ, तिला घेऊन ये, ती नाव सांगेल, तू फाड. चादर अजून खाटेवर असेल. ती राहते —

घंटा.

ती राहते बाजाराच्या मागे, शिवणाचं